रॅकवरची धास्ती

स्टोअरच्या तिसऱ्या रॅकवर, अगदी वरच्या कप्प्यात, एक लाकडी खोकं होतं. स्टोअरकीपर अण्णांनी शिडीवर चढून ते खाली आणलं, खांद्यावरच्या फडक्याने पुसलं आणि झाकणाचे खिळे पक्कडीने एकेक करून उपटले. आत मेणकागदात गुंडाळलेलं, पिवळ्या पडलेल्या ग्रीसने माखलेलं एक मोठं बेअरिंग. शेजारी तसंच दुसरं. खोक्याला सुतळीने बांधलेलं बिन कार्ड, म्हणजे त्या मालाच्या आवक-जावकीची नोंद, मी वाचलं. आवक २, जावक काही नाही, शिल्लक २. तारीख १९९१ सालची, आणि त्याखाली सगळं कार्ड कोरं.

“हे कशाचं, अण्णा?”

“जुन्या टर्बाइनच्या गिअरबॉक्सचं, साहेब.”

“आणि ती टर्बाइन?”

“भंगारात गेली की. वजनकाट्यावर मीच उभा होतो.”

टर्बाइन गेली तेव्हा तिची बेअरिंगं का नाही गेली, हे मी विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं. ‘हे आता लागणार नाही’ असं लिहून खाली सही करायला कुणीतरी हवं होतं, आणि तसं कुणी नव्हतं. मीही त्या कारखान्यात अकरा वर्षं होतो आणि एकाही कागदावर तशी सही केली नव्हती.

ही २००९ सालची गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात मी मिल विभागात, म्हणजे ऊस गाळणाऱ्या यंत्रांवर, इंजिनिअर होतो. हंगाम संपला होता, मे महिना होता, पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. त्या वर्षी ठरलं की स्टोअरमधला सुट्या भागांचा साठा एक तृतीयांशाने कमी करायचा, आणि ते काम माझ्याकडे आलं. कारण सरळ होतं. कारखाना कर्जावर चालतो. रॅकवर पडलेल्या प्रत्येक नगात पैसा अडकलेला असतो आणि त्या पैशाला बँकेचं व्याज लागत असतं. ऊसबिलं द्यायला पैसे कमी पडत असताना बंद खोक्यांमध्ये पैसा निजलेला असणं बरोबर नाही, हे मलाही पटत होतं. पण मी मिलचा माणूस. आजवर मी स्टोअरमध्ये फक्त मागायला गेलो होतो. कमी करायला गेलो नव्हतो.

कारखान्याबाहेरच्या माणसाला एवढा साठा का लागतो हे कळायला जरा हंगाम समजून घ्यावा लागेल. दसऱ्याच्या आसपास बॉयलर पेटतो, मग उसाची पहिली मोळी मिलमध्ये पडते आणि त्यानंतर साधारण मार्च-एप्रिलपर्यंत मिल दिवसरात्र फिरते. ऊस तोडला की त्यातली साखर कमी व्हायला लागते, म्हणून तो एका दिवसाच्या आत गाळपाला जावा अशी धडपड असते. म्हणजे मिल थांबली की फक्त कारखाना थांबत नाही. शेतात तोडून पडलेला ऊस, रस्त्यावर निघालेली ट्रॅक्टरची रांग, फडात कोयता चालवणारी बीडकडची माणसं, सगळं एकमेकांवर आदळत थांबतं. रात्री दोन वाजता मिलचा आवाज बंद झाला तर कॉलनीत झोपलेली माणसं जागी होतात. आवाजाने जागं होणं सगळ्यांना माहीत असतं. आवाज थांबल्यामुळे जागं होणं साखर कारखान्यात राहिल्याशिवाय कळत नाही.

अशी प्रत्येक रात्र रॅकवर काहीतरी ठेवून जाते. महिनाभर बिन कार्डं वाचल्यावर ती मला रोजनिशीसारखी दिसायला लागली. एका वर्षी ज्यूस पंपाची इंपेलर फुटली, पुढच्या ऑफ सीझनला चार इंपेलर आल्या. एका वर्षी ऊस ठेचून मोकळा करणाऱ्या फायब्रायझरचे हातोडे कमी पडले, मग दोन संच जास्त आले. त्यानंतर तो प्रसंग पुन्हा घडला नाही, पण कार्डावरचा ‘कमीत कमी शिल्लक’ हा आकडा वाढला तो वाढलाच. ज्या इंजिनिअरने तो वाढवला तो बदलून गेला, त्याच्या जागी आलेल्याने हात लावला नाही. आम्ही ज्याला साठा म्हणत होतो तो आमच्या आधीच्या माणसांच्या धास्तीचा ढीग होता, आणि ती धास्ती खोटी नव्हती. म्हणून तो उपसणं अवघड होतं.

माझं आजोळ चिपळूणकडचं. तिथे पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करायची असते. तांदूळ, कुळीथ, आमसुलं, सुकट, पापड, लाकूडफाटा. लहानपणी मे महिन्यात मी आजीच्या मागेमागे त्या कोठीच्या खोलीत फिरायचो. तिचा हिशेब पक्का असायचा. माणसं नऊ, महिने चार, गणपतीला येणारे पाहुणे वेगळे. मागच्या वर्षीचं उरलेलं ती पुढे काढून ठेवायची आणि नवं मागे सारायची. दसऱ्याला बरण्या रिकाम्या दिसल्या की तिला बरं वाटायचं, कारण त्याचा अर्थ तिचा अंदाज बरोबर आला होता. स्टोअरमध्ये उभा असताना मला ती कोठी सारखी आठवायची. आजीला पाऊस किती महिने पडतो ते माहीत होतं. आम्हाला आमचा पाऊस किती महिन्यांचा हे कधी कुणी विचारलंच नव्हतं.

मी विचारायला लागलो. एक मोटरचं बेअरिंग संपलं तर दुसरं यायला किती दिवस लागतात? खरेदी विभागाने सांगितलं, दीड महिना. मी पुण्याच्या विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, दुपारी सांगा, एसटीच्या पार्सलने रात्री मिळेल. मग दीड महिना कुठे जातो हे शोधायला एका मागणीपत्रामागे मी स्वतः चालत गेलो. मिल विभागातून स्टोअर, स्टोअरमधून खरेदी, तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, महिन्यातून एकदा बसणारी समिती, तिथून ऑर्डर. एकेका टेबलावर कागद आठ-आठ दिवस निवांत पडलेला असायचा. तो कागद बेअरिंग होऊन परत आला तेव्हा त्रेचाळीस दिवस झाले होते. बेअरिंगचा त्यातला प्रवास एका रात्रीचा.

म्हणजे आमच्या साठ्यातला मोठा हिस्सा यंत्रांसाठी नव्हताच. तो आमच्याच कार्यालयाच्या त्रेचाळीस दिवसांसाठी होता. आणि ज्याला माहीत आहे की कागद अडकणार, तो चारची गरज असताना दहा मागतो. मंजूर करणाऱ्याला माहीत असतं की हा फुगवून मागतो, म्हणून तो पाच देतो. पुढच्या वेळी मागणारा वीस लिहितो. यात कुणी लबाड नसतं. एकमेकांच्या शब्दावर विश्वास नसलेली सज्जन माणसं असा ढीग उभा करतात.

नावांचा गोंधळ तर वेगळाच. ६३१२ हे बेअरिंग घ्या. या आकड्यांना अर्थ असतो. पहिला ६ म्हणजे खोल खाचेचं बॉल बेअरिंग, ३ ही त्याची मालिका, आणि शेवटच्या १२ ला ५ ने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास, ६० मिलिमीटर. हे ज्याला कळलं त्याला बेअरिंग हातात घेऊन ओळखता येतं. पण आमच्या स्टोअरमध्ये हेच बेअरिंग चार ठिकाणी चार नावांनी राहत होतं. एकीकडे ‘६३१२’, दुसरीकडे ‘बॉल बेअरिंग मोटर’, तिसरीकडे पंप बनवणाऱ्या कंपनीच्या सुट्या भागाच्या क्रमांकाने, चौथीकडे नुसतं ‘बेअरिंग, ६० एमएम’. प्रत्येक कार्डाला आपापली कमीत कमी शिल्लक. एका कप्प्यात ते संपलं की नवं मागवायचं, आणि तीन पावलांवरच्या कप्प्यात तेच पाच पडलेले. पंप कंपनीकडून घेतलेल्याची किंमत तर बाजारातल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि खोकं फोडलं की आत तेच नाव, तोच आकडा.

आम्ही दोघं, अण्णा आणि मी, दोन महिने बहुतेक नावंच लिहीत होतो. यातही घाई चालत नाही. आकडा सारखा असला तरी पुढचं शेपूट बघावं लागतं. सी-३ लिहिलेल्या बेअरिंगमध्ये आत थोडी जास्त सैल जागा ठेवलेली असते, तापणाऱ्या मोटरला ती लागते. रबरी सील असलेलं वेगळं, पत्र्याचं झाकण असलेलं वेगळं. दोन वेगळ्या वस्तूंना एक नाव दिलं तर एका वस्तूच्या चार नावांपेक्षा मोठं नुकसान होतं. अण्णांना हे शेपूट बोटांनी कळायचं. चष्मा न लावता ते बेअरिंग फिरवून बघायचे आणि सांगायचे, “हे सैल आहे, मोटरचं.” नंतर बघितलं तर कोरलेलं असायचं सी-३.

आता लॉकरांबद्दल सांगतो, कारण मला त्या सगळ्या कामात सगळ्यात जास्त शिकवलं ते लॉकरांनी. स्टोअरच्या हिशेबात जो माल ‘दिला’ म्हणून उतरला होता तो सगळा यंत्रात बसलेला नव्हता. फिटरांच्या पेट्यांत, पॅनेलच्या मागे, वर्कशॉपच्या बाकाखाली एक दुसरं स्टोअर होतं. सगळ्यांना ते माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे. मी वर्कशॉपसमोर एक मोठी ताडपत्री अंथरली आणि सांगितलं की दोन दिवस ती इथे राहील. ज्याच्याकडे जे असेल ते आणून ठेवावं. कोणी ठेवलं, कुठून आलं, हे मी विचारणार नाही, लिहिणार नाही. नोंद फक्त वस्तूची.

पहिला दिवस ताडपत्री रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर तिच्यावर जागा उरली नव्हती. बेअरिंगं, ऑइल सील, व्ही-बेल्ट, कपलिंगचे रबर बुश, ग्लँड पॅकिंगची अख्खी वेटोळी, लेव्हल गेजच्या काचा जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून. रात्रपाळीने आणून ठेवलं होतं. ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो ते मिलचे फोरमन मात्र दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत आले. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. गाठ सोडली तर आत एक मेकॅनिकल सील, नवं, बोटाचा ठसासुद्धा नाही.

“सहा हंगाम सांभाळलंय,” ते म्हणाले. “तुम्ही विचारणार नाही म्हणालात, पण मी सांगतो. एका रात्री पंप गळत होता, स्टोअरला कुलूप, चावीवाला गावाला. पाच तास थांबलो आम्ही. स्टोअरमध्ये सील होतं, साहेब. कुलपाच्या पलीकडे होतं. त्यानंतर मी एक कायम माझ्याजवळ ठेवलं.”

मी काय बोलणार? त्या सीलची चोरी झाली नव्हती, राखण झाली होती. आणि ती लॉकरं बंद करायचा उपाय लॉकरांत नव्हता, स्टोअरच्या कुलपात होता. पुढच्या हंगामापासून रात्रपाळीला स्टोअरमध्ये माणूस बसायला लागला. न वापरलेला माल परत करायला पूर्वी तीन सह्या लागत, तिथे एक केली. एवढ्या दोन गोष्टींनी लॉकरं जितकी रिकामी झाली तितकी कुठल्याही झडतीने झाली नसती.

साठा आहे म्हणजे सुरक्षितता आहे, ही माझी समजूत त्याच्या आधीच एका रात्रीने मोडली होती. एका पंपाची मोटर जळली. स्टोअरमध्ये त्याच मापाची राखीव मोटर होती, कित्येक वर्षांची, नवीकोरी. आम्ही निश्चिंत होतो. गाडीवर घालून आणली, वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला, तर काटा शून्यावर. वर्षानुवर्षं दमट कोपऱ्यात पडून वाइंडिंगने ओल धरली होती. बल्ब लावून, हिटर लावून ती वाळवायला रात्र गेली, सकाळ गेली. बसवल्यावर दोन तासांत बेअरिंग ओरडायला लागलं. खोलून पाहिलं तर गोळ्यांच्या वाटेवर सारख्या अंतरावर डाग पडलेले. स्टोअरची भिंत मिलला लागून आहे. ती हादरते, तिच्याबरोबर जमिनीवर ठेवलेली मोटर हादरते, आणि न फिरणारं बेअरिंग वर्षानुवर्षं त्याच जागी कुटून निघतं. कार्डावर ‘शिल्लक १’ होती. खरं तर शिल्लक शून्य होती आणि ते आम्हाला गरजेच्या रात्री कळलं. रबराचे सील कडक होतात, बेल्टला चिरा पडतात, ग्रीस सुकतं. ढीग जितका मोठा तितकं त्यातल्या एकेकाकडे कमी लक्ष, हे त्या रात्री मी डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून मी कामाला लागलो ते पूर्ण विश्वासाने. आणि त्या विश्वासातच माझी मोठी चूक झाली.

साठ्याची वर्गवारी करायची एक सोपी पद्धत आहे. वेगाने जाणारे, हळू जाणारे, अजिबात न हललेले. मी कार्डांवरून याद्या केल्या आणि दहा वर्षांत न हललेल्यांवर लाल खूण केली. त्यात १९९१ ची ती बेअरिंगं होती, बदललेल्या पंपांचे भाग होते, आणि मिलकडे ऊस वाहून नेणाऱ्या केन कॅरियरच्या गिअरबॉक्सचं एक काशाचं वर्म व्हील, म्हणजे दातेरी चाक, होतं. चौदा वर्षं जागचं हललं नव्हतं. अण्णा यादी घेऊन माझ्याजवळ आले आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “हे राहू द्या, साहेब.” मी कार्ड दाखवलं. चौदा वर्षं. ते काही बोलले नाहीत. काशाला भंगारात भाव चांगला मिळाला.

जानेवारीत, ऐन हंगामात, कॅरियरच्या वर्म व्हीलचे दात गेले. कॅरियर थांबला म्हणजे मिलला ऊस नाही, म्हणजे सगळंच थांबलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरमध्ये माणूस धावला. तिथल्या कारागिरांनी रात्रीतून ओतकाम केलं, दुसऱ्या दिवशी दात कापले, आणि त्यांच्या हातात ते कसब नसतं तर आठवडा गेला असता. तरी ५१ तास मिल बंद होती.

त्यातली एक रात्र मी यार्डात काढली. बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. बैल सोडून जुवांना बांधलेले, पुढ्यात वाढं टाकलेलं, गाड्यांच्या खाली पोरं निजलेली. शेतकऱ्याला पैसे वजनकाट्यावरच्या वजनाचे मिळतात, आणि काट्याबाहेर उभ्या गाडीतला ऊस तासातासाने वाळत असतो. एका बाईने शेकोटीपाशी जागा करून दिली आणि विचारलं, “सायेब, मिल कवा चालू व्हायची?” मी म्हणालो, उद्या रात्री. तिने मान हलवली आणि पोराच्या अंगावर पोतं सरकवलं. तिला हे माहीत नव्हतं की तिच्या दोन दिवसांच्या तोडीचं जे नुकसान झालं ते माझ्या एका लाल खुणेने. मी तिला सांगितलंही नाही. ती गोष्ट माझ्याकडेच राहिली.

अण्णांनी नंतर एकदाही ‘मी म्हणालो होतो’ असं म्हटलं नाही. मलाच एक दिवस त्यांच्यासमोर बसून म्हणावं लागलं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, “त्या चाकाला फिरवणारा जोडीदार वर्म अजून आहे माझ्याकडे. तो तेवढा दिला नव्हता.”

पुढच्या ऑफ सीझनला आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो. या वेळी कार्डावर शेवटची जावक कधी, हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असा की ही वस्तू नसेल तर काय थांबेल, आणि नवी यायला खरोखर किती दिवस लागतील. कागदाचे दिवस वेगळे, वस्तूचे वेगळे. प्राणाइतकी गरजेची, आवश्यक, आणि असली तर बरी, असे तीन गट. मिलचा रोलर घ्या. बिडाचं कवच पोलादी शाफ्टवर तापवून चढवायचं, त्याला खाचा पाडायच्या, हे महिन्यांचं काम. तो दहा वर्षं हलला नाही तरी राहिला पाहिजे. त्याच्यावर मी पुन्हा कधी बोट ठेवलं नाही. मात्र रोज २५०० टन ऊस गाळणाऱ्या जुन्या कारखान्यांत ३३ बाय ६६ इंची रोलरांच्या मिल सर्रास असतात, म्हणून शेजारच्या दोन कारखान्यांशी बोलून एकमेकांच्या मोठ्या राखीव भागांच्या याद्या वाटून घेतल्या. अडीअडचणीला कुणाचं काय उपयोगी पडेल हे फोनवर कळायला लागलं.

किती ठेवायचं, याचं गणित मी तेव्हा शिकलो. साठ्याच्या पुस्तकांत पहिल्यांदा भेटतं ते फोर्ड हॅरिस यांचं १९१३ सालचं सूत्र, एका वेळी किती मागवावं हे सांगणारं. पण ते धरून चालतं की माल रोज सारखा खपतो. साखरेची पोती तशी खपतात, गिअरबॉक्स नाही. सुटा भाग तीन वर्षं गप्प बसतो आणि एका महिन्यात दोन लागतात. १९७२ साली क्रॉस्टन यांनी अशा मागणीसाठी वेगळा रस्ता दाखवला. दोन मागण्यांमध्ये किती काळ जातो हे वेगळं मोजा, आणि मागणी आली की किती नग लागतात हे वेगळं. मला हे वाचून आनंद झाला, कारण अण्णांच्या कार्डांवर नेमक्या याच दोन गोष्टी शाईत लिहिलेल्या होत्या, तारखा आणि नग. वर्षानुवर्षं चुकल्याशिवाय.

एक उदाहरण आम्ही फळ्यावर मांडलं. एकाच मापाचे आठ गिअरबॉक्स, सगळे मिळून वर्षाला सरासरी एक बिघडतो, नवा बनून यायला सहा महिने. बिघाड एकमेकांशी संबंध नसलेले धरले तर राखीव एक ठेवल्यावर त्या सहा महिन्यांत तो कमी पडण्याची शक्यता शेकडा ९. दोन ठेवले तर शेकडा दीडच्याही आत. तीन ठेवले तर हजारात दोनसुद्धा नाही. चौथ्यापासून पुढे आपण फक्त लोखंड सांभाळतो. आमच्याकडे राखीव सात होते. मामा फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “तीन ठेवा.” मी दोन म्हणणार होतो. तीन ठेवले. धास्ती एका दमात निघत नाही, आणि रात्री मिलवर उभं राहणाऱ्या माणसाला झोप लागेल असा आकडा हाच बरोबर आकडा, असं मला आजही वाटतं.

सगळ्यात जास्त साठा मात्र गणिताने कमी झाला नाही. एक पंप दर हंगामाला चार-पाच बेअरिंगं खायचा, म्हणून त्याची वीस ठेवलेली असायची. ती वीसची दहा करू का, यावर आम्ही वाद घालत होतो. मग वर्कशॉपमधल्या एका तरुण फिटरने विचारलं, पण तो एवढी खातो कशामुळे? शाफ्टची रेषा मोजणारा डायल गेज लावून पाहिलं. पायाचा एक कोपरा खचला होता आणि मोटर व पंप एका रेषेत नव्हते. पाया दुरुस्त केला, पातळ पत्रे घालून रेषा जुळवली. त्या हंगामात एकही बेअरिंग गेलं नाही. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा देखभालीचा इंजिनिअर याच दुखण्याने बेजार होता. मऊ मातीच्या जमिनीमुळे शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंगं जायची. त्याने रॅक भरले नाहीत. १९०७ साली त्याने असं बेअरिंग बनवलं जे शाफ्टबरोबर स्वतः थोडं कलतं, आणि त्यातून एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. तसलीच कलती बेअरिंगं आमच्याही रॅकवर होती. इतकी वर्षं ती मोजताना मला त्यांच्यामागची गोष्ट माहीत नव्हती.

ऑफ सीझनला सगळं खोलायचं, ही आमची जुनी सवयही त्यामुळे तपासावी लागली. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ साली मांडलं होतं की विमानांच्या भागांपैकी फक्त ११ टक्क्यांच्या बाबतीत वय वाढलं की बिघाड वाढतो असं दिसतं. साखर कारखाना म्हणजे विमान नव्हे. रोलरच्या खाचा झिजतात, साखळ्या ताणतात, हातोडे बोथट होतात, ते दर वर्षी बघावंच लागतं. पण नीट चालणारा पंप नुसता मे महिना आला म्हणून खोलणं, त्यातलं चांगलं बेअरिंग काढून नवं घालणं, आणि काढलेलं ‘असू दे, चालेल’ म्हणून पुन्हा रॅकवर ठेवणं, हे आम्ही थांबवलं.

एक तृतीयांश साठा कमी व्हायला एक नाही, तीन हंगाम लागले. नेहमी लागणाऱ्या बेअरिंगांचा वर्षाचा दर विक्रेत्याशी ठरला, तो माल त्याच्याकडेच राहायला लागला आणि कागद त्रेचाळीस दिवसांवरून चारवर आला. टर्बाइनची ती दोन बेअरिंगं शेवटी विकली गेली. ‘आता लागणार नाही’ या ओळीखाली मी सही केली आणि माझ्या खाली अण्णांनी केली, त्यांच्या सहीची गरज नसताना.

ते निवृत्त झाल्यावर वर्षभराने मी एकदा काही कामासाठी स्टोअरमध्ये गेलो. तिसऱ्या रॅकचा वरचा कप्पा रिकामा होता, पुसलेला. नवा स्टोअरकीपर तरुण पोरगा, कॉम्प्युटरवर बसलेला. राखीव मोटरी भिंतीपासून दूर, जाड रबराच्या पट्ट्यांवर ठेवल्या होत्या, प्रत्येकीत आतला हिटर चालू होता. शाफ्टच्या टोकावर खडूची एक आडवी रेघ. मी विचारलं, ही कशाला? तो म्हणाला, “अण्णांनी शिकवलंय. दर सोमवारी हाताने पाव वळसा द्यायचा. रेघ कुठे आहे त्यावरून कळतं दिला की नाही.”

तो दिवस मंगळवार होता. मी एकेका मोटरीपाशी वाकून पाहिलं. मागच्या आठवड्याच्या पुसट रेघेपासून पाव वळसा पुढे सरकलेली ताजी रेघ प्रत्येक शाफ्टवर होती.